पळी पळी तेला

पाटणला माझ्या किती वारसा-फेऱ्या झाल्या, मोजलेल्या नाहीत. चाळीसगाव सोडून गाडी गौताळ्याच्या डोंगराकडे वळली की मागून हमखास प्रश्न येतो : भास्कराचार्यांचं विद्यापीठ कुठंय? आमच्याच धंद्यातले काही जण सरळ डोंगरातल्या लेण्यांकडे बोट करतात, 'ते बघा वसतिगृह' म्हणतात आणि मोकळे होतात. लोकही खूश. फोटो निघतात.

विद्यापीठ नाही, मठ होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तो काढला. पाटणचा निकुंभ घराण्यातला राजा सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी मठाला उत्पन्न लावून दिलं. शके ११२८, चंद्रग्रहणाचा दिवस, इ.स. १२०७. मठ आज दाखवता येत नाही. दाखवायचा तो देवीच्या देवळातला शिलालेख. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला.

आणि शिलालेख दाखवणं हे सोपं काम नव्हे. लोक मोबाईलची बॅटरी समोरून मारतात, दगड पांढराफटक होतो, अक्षर एक दिसत नाही. उजेड बाजूने, जवळजवळ दगडाला घासून यायला हवा. मग प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळ वर उठते. त्यासाठी मी दाढीचा आरसाही बाळगतो : बाहेरचं ऊन आत वळवायचं. खडू, रांगोळी, तेल काहीही अक्षरात भरू द्यायचं नाही. यावरून मी भांडलोय, पुढेही भांडेन.

लेख बहुतेक संस्कृत, शेवटच्या काही ओळी मराठी. गेल्या महिन्यातल्या फेरीत त्या वाचत होतो. "इयां पाटणीं जें केणें उघटे" : या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा जो हिस्सा, "तो मढा दीन्हला", मठाला दिला.

मागून एक आजोबा म्हणाले, "दिन्हं? आम्हीबी दिन्हंच म्हनतंस."

बाकीचे हसले. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी 'दीन्हला म्हणजे दिला' असं भाषांतर करत होतो, तेही अहिराणी मुलखात उभं राहून!

पुढची ओळ घाण्यांची : जितके घाणे चालतील तितक्यांमागे "पळी पळी तेला". आजोबा पुढे सरकले. त्यांच्या घरी बैलाचा लाकडी घाणा होता. "पळी कोन्ती?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे तेल मोजायची पळी उभ्या दांड्याची, लोखंडी. ती डब्यात सरळ बुडवून सरळच वर काढायची, तिरपी झाली की मापात फरक. हाताने त्यांनी ती हवेत बुडवून दाखवली. मनगट जराही हललं नाही.

मग म्हणाले, "तेल तेल्यानं, मालावरचं घेनाऱ्यानं. मंग राजानी काय दिन्हं?"

मी म्हटलं, राजाचा हक्क होता, तो त्याने सोडला. मालाच्या बाबतीत हे उत्तर चालतं. तेलाच्या ओळीत 'राउला', म्हणजे राजाला, हा शब्दच येत नाही. तिथं नुसते घाणे, आणि पळी.

परतीला गाडीत ते माझ्या शेजारी बसले. "घाने किती व्हतात, लिहेल शे का?" नाही, म्हटलं, 'जितके वाहतील तितके' एवढंच. त्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. चाळीसगाव येईपर्यंत एक शब्द नाही.

माझ्या फेरीच्या पत्रकावर पहिल्यापासून 'राजाचं दान' असं छापलंय. नवी पत्रकं छापायला टाकायचीत. ते दोन शब्द खोडले, त्या जागी काय घालायचं ते काही केल्या जमेना; छापखानेवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला.