पान २१४ वरची विहीर : लोकसुनावणीचा माझा अनुभव

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, अकाउंट्सचं काम करते. खाणींशी माझा कधीच संबंध आला नव्हता. पण कॉलेजातली माझी एक मैत्रीण भरूच जिल्ह्यातल्या एका गावची आहे आणि तिच्याकडे मी इतक्यांदा राहिलेय की तिच्या वडिलांना मीसुद्धा काकाच म्हणते. त्यांची केळीची बाग आहे, बागेच्या कोपऱ्यात विहीर. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिचा फोन आला, अगं शिवाराला लागून लिग्नाइटची खाण येतेय, लोकसुनावणीची जाहिरात पेपरात आलीये, महिनाभर वेळ आहे, खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये आहे, तू वाचून सांगशील का.

लिग्नाइट म्हणजे तपकिरी, ओलसर, हलक्या प्रतीचा कोळसा. तेवढीच वीज करायला दगडी कोळशापेक्षा जास्त जाळावा लागतो, कार्बनही जास्त सुटतो, आणि ढीग पडून राहिला तर आपोआप पेट घेतो. पण गावाला खरी भीती पाण्याची होती. खाण खोल गेली की भूजल आत झिरपतं, ते रात्रंदिवस पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं, आणि मग आजूबाजूच्या विहिरी खाली जातात.

नियम मी तेव्हाच पहिल्यांदा वाचले. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीच्या आधी निदान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि रिपोर्टचा मसुदा कलेक्टर कचेरी, जिल्हा पंचायत, उद्योग केंद्र, प्रदूषण बोर्डाची प्रादेशिक कचेरी अशा ठिकाणी कुणालाही बघायला ठेवावा लागतो. प्रत्यक्षात एका कचेरीत मैत्रिणीला दोन खेपा घालाव्या लागल्या, पहिल्यांदा कपाटाची किल्लीच सापडेना. शेवटी झेरॉक्स झाली, चारशेच्या वर पानं, आणि गुजरातीत फक्त थोडक्यात सारांश.

आई आधी म्हणाली, "तुला तिथे कोण विचारणार आहे?" पण ती गुजराती मिडियममध्ये शिकलेली. एका रात्री मी जेवणाच्या टेबलावर पानं पसरून बसलेले, तर ती सारांश हातात घेऊन वाचायला लागली आणि म्हणाली, अगं यात विहिरींबद्दल तर काहीच नाहीये. खरंच नव्हतं. मोठ्या रिपोर्टमध्ये होतं, पान २१४ वर एक तक्ता, आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींची पातळी, आणि त्यात चक्क काकांची विहीर, पाणी जमिनीपासून ८ मीटर खाली. मोजणी कधीची तर थंडीतली. एकाच सीझनचा डेटा घेतला तरी चालतो, पावसाळा सोडून, त्यामुळे नियमाने काही चुकलेलं नव्हतं. पण उन्हाळ्याचं काय?

मे महिन्यात रविवारी आम्ही गेलो. काकांनी सुतळीला दगड बांधला, हातहात अंतरावर गाठी मारलेल्या होत्या, आणि हळूहळू सोडायला लागले. मी कठड्याला धरून वाकून बघत होते, गाठी सरकत होत्या, पंधरा, वीस, पंचवीस, खाली नुसता काळोख. तिसाव्या गाठीला दगड पाण्याला लागल्याचा बारीक आवाज आला. मग टेप लावून मोजलं, १४ मीटर. काका म्हणाले, "आना थी नीचे तो पथ्थर छे," याच्या खाली तर दगडच आहे. म्हणजे आताच जेमतेम पुरतंय, त्यात खाणीचा उपसा सुरू झाला तर केळी कशावर जगवायची?

मग लेखी हरकत लिहायला बसलो. मी पहिल्यांदा लिहिलं ते निसर्ग, भावी पिढ्या वगैरे, दोन पानं. मैत्रिणीच्या ओळखीचे एक वकील म्हणाले, हे सगळं मनापासून आहे पण यावर कंपनीला उत्तरच द्यावं लागणार नाही, पान नंबर आणि आकडा लिहा. मग आईने गुजरातीत नीट लिहून दिलं : पान २१४, ही विहीर, थंडीत ८ मीटर, मे मध्ये १४, उपशाचा हिशोब कुठल्या आकड्यावर केला? सोबत टेपचा फोटो. ते बोर्डाला आधीच पाठवलं आणि पोच जपून ठेवली.

सुनावणी गावाबाहेर मांडवात झाली. अध्यक्ष अतिरिक्त कलेक्टर, व्हिडिओ चालू. तिथे मतदान नसतं, हो किंवा नाही असा निर्णयही होत नाही, जे बोललं जातं ते फक्त नोंदवून पुढे पाठवतात. हे गावातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, सगळे निकाल ऐकायला आल्यासारखे आले होते. नोकऱ्या, रस्ता, जमिनीचा भाव यावर दोन तास गेले. काका उठले तेव्हा हात थरथरत होते पण सुतळी घेऊनच आले होते, ती वर धरून त्यांनी गाठी दाखवल्या.

तीन वाजता बरेच लोक घरी निघाले. आम्ही थांबलो, कारण इतिवृत्त तिथेच लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. वाचलं गेलं, "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली." एवढंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मैत्रीण उभी राहिली, मग सरपंचबेन उभ्या राहिल्या, मग मागच्या सगळ्या बायका, आणि एकच मागणी, पान नंबर लिहा, आकडे लिहा. अध्यक्षांनी हरकत घेतली नाही, आठ आणि चौदा हाताने लिहिले गेले, मग सह्या झाल्या.

पुढचं काम परिवेश पोर्टलवर, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी वेबसाइटवर, बघत बसायचं. तज्ज्ञ समितीच्या मिनिट्समध्ये एक ओळ आली, कंपनीने उन्हाळ्यातल्या मोजणीसह भूजलाचा अभ्यास परत करून आणावा. खाण रद्द झालेली नाही. मंजुरी निघालीच तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात, आपल्याकडच्या केसेस पुण्याच्या खंडपीठाकडे जातात, वकिलांनी कागद तयार ठेवायला सांगितलेत.

काका आता दर पुनवेला विहीर मोजतात आणि वहीचा फोटो मला पाठवतात. परवाचा आकडा साडेनऊ मीटर. मी तो एक्सेलमध्ये टाकला, आई मागे उभी राहून तारीख बरोबर आहे का बघत होती.