अरेसेची अल्फेत्ता

मिलानजवळच्या अरेसे गावी मी गेलो तो एका गाडीसाठी. अल्फा रोमिओ या इटालियन मोटार कंपनीच्या संग्रहालयात मन रमवणाऱ्या पुष्कळ गाड्या आहेत. परंतु शर्यतीची 159, म्हणजेच सर्वांची लाडकी अल्फेत्ता, समोर आली आणि उरलेला बहुतेक वेळ मी तिच्याजवळच काढला.

चालक बसतो ती जागा विलक्षण अरुंद आहे, आणि त्याच्या पाठीशीच इंधनाची टाकी. 1937 मध्ये जोआक्किनो कोलंबो यांनी आखलेल्या या गाडीच्या मूळ 158 या नावातच तिचे इंजिन सांगितलेले आहे: दीड लिटर, आठ सिलिंडर. 1479 सीसीचे आठ वाटे केले, तर एकेका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे 185 सीसी येतात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोटारसायकलीच्या इंजिनाएवढे. एवढ्याशा इंजिनातून 1951 पर्यंत चारशेहून अधिक अश्वशक्ती काढली गेली, याचे मला अजूनही नवल वाटते.

ही किमया दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची. हवा दाबून भरली की ती तापते; म्हणून इंधनात मिथेनॉल भरपूर असे, कारण त्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते. मात्र त्यामुळे गाडीची तहान अफाट वाढली; एका लिटरमध्ये ती धड एक किलोमीटरही जात नसे.

1950 च्या फॉर्म्युला वनच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत अल्फाने भाग घेतलेल्या सहाही शर्यती जिंकल्या आणि तिचा चालक फारिना अजिंक्य ठरला. पुढच्या वर्षी फेरारी सुपरचार्जरविना साडेचार लिटरचे इंजिन घेऊन उतरली. त्याची शक्ती कमी होती, पण तहानही कमी होती. जादा टाक्यांचे ओझे वाहणारी आणि इंधनासाठी वारंवार थांबावी लागणारी अल्फेत्ता 14 जुलै 1951 रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला गोन्झालेस या चालकाच्या फेरारीपुढे हरली. जिने तिला अजिंक्य केले, त्या रचनेनेच तिला अडवले, असे मला तिच्या टाकीकडे पाहताना प्रकर्षाने जाणवले.

जर्मनी आणि इटलीतही फेरारीच जिंकली आणि अजिंक्यपद बार्सिलोनातील पेद्राल्बेसच्या शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपले. तेथे फेरारीची टायरांची निवड चुकली, अल्फाचा चालक फांजिओ जिंकला आणि आपल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपदाचा मानकरी झाला. त्यानंतर अल्फाने आपला संघ मागे घेतला. तेरा वर्षांपूर्वी लिव्होर्नोला प्रथम धावलेल्या या रचनेतून आणखी काही काढण्यासारखे फारसे उरले नव्हते.