क्रेडिट कार्ड फेडलं, पण बंद होईना – माझा अनुभव

आमच्या घरातलं क्रेडिट कार्ड एकदाचं बंद झालं. त्याचे पैसे फेडताना जेवढा त्रास झाला नाही तेवढा ते बंद करून घेताना झाला, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. निदान दुसऱ्या कुणाला तरी सोपं जाईल म्हणून सगळं लिहिते आहे.

आम्ही नाशिकला राहतो. ह्यांची नोकरी सातपूर एमआयडीसीत, मी घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. ओव्हरटाइम होता तोवर महिना नीट निघत होता. मग सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. विम्यातून आले तेवढे आले, उरलेलं बिल कार्डावर भरलं. आईंना वेळेवर उपचार मिळाले, त्यामुळे त्या खर्चाबद्दल घरात कुणालाही खंत नाही. पण त्यानंतर लगेच कंपनीत काम कमी झालं, ओव्हरटाइम थांबला. पगाराचे २८,००० आणि माझ्या शिकवणीचे पाच-सहा हजार, आणि समोर कार्डाचं ८०,००० च्या घरातलं देणं.

बिलावर ‘किमान भरायची रक्कम’ असा एक आकडा असतो. बऱ्याच घरांत तेवढाच भरतात आणि महिना निभावला असं समजतात. मी वहीत हिशोब मांडून पाहिला. आमच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के. ८०,००० वर महिन्याचं व्याज २,८००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ५०४. म्हणजे ३,३०० रुपये नुसते व्याजातच गेले. किमान रक्कम ४,००० भरली तर मुद्दल जेमतेम सातशेने कमी होणार. शिवाय मागची बाकी असेल तर नवीन खरेदीला एरवी मिळणारी पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. आज कार्डावर किराणा घेतला की आजपासूनच व्याज चालू. हे कळलं त्या दिवसापासून कार्डावर एक रुपयाचीही खरेदी केली नाही.

ऐंशी हजार आणायचे कुठून, यावर आईच म्हणाल्या, “पाटल्या कपाटात ठेवून कुणाचं भलं होतंय? ठेव बँकेत, व्याज तरी वाचेल.” मला ते फार जड गेलं. गहाण म्हटलं की आपल्याकडे माणसाला उगाच खाली बघायला लागतं. पण राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण कर्ज वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी मिळालं. तेवढ्याच रकमेचं व्याज तिथे महिन्याला साडेसहाशेच्या आत, कार्डावर तेहतीसशे. आकडे असे शेजारी शेजारी लिहिले की लाज वाटायची थांबते. सोनं त्याच दिवशी तोलून, कागद करून पैसे खात्यात जमा झाले. तिथे काहीच अडलं नाही. एवढंच लक्षात ठेवा की व्याज दर महिन्याला भरत राहायचं आणि मुदतीची तारीख वहीत पहिल्याच पानावर लिहायची. मुदत उलटू दिली तर दागिने लिलावात जाऊ शकतात.

कार्डाचं बिल पूर्ण भरलं. आता कार्ड बंद करायचं ठरवलं. ज्यांना दर महिन्याला पूर्ण बिल भरता येतं त्यांनी कार्ड जरूर ठेवावं, माझी त्याला हरकत नाही. आमच्या पगारात ते बसत नव्हतं, वर त्याला वार्षिक फी होती, आणि वापर नसताना ती भरायची म्हणजे आमचा दोन महिन्यांचा भाजीपाला.

इथून पुढे खरा छळ सुरू झाला.

कार्ड ह्यांच्या नावावर. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला की आधी कार्डधारकाचाच आवाज हवा. ते बरोबरच आहे, नियम आहे. पण ह्यांच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही. पहिली पाळी असली की संध्याकाळी दमून आल्यावर फोन लावायचा, मराठीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा, कार्डाचे शेवटचे चार आकडे टाका, जन्मतारीख टाका, आणि मग गाणं ऐकत बसा. दुसरी पाळी असली की सकाळीच. मी शेजारी वही घेऊन बसायची. माणूस फोनवर आला आणि “कार्ड बंद करायचंय” म्हटलं की तो दुसऱ्या विभागाकडे फोन वळवणार. त्या विभागाचं काम एकच, तुम्हाला बंद करू न देणं. फी माफ करतो, पॉइंट देतो, मर्यादा वाढवून देतो, एवढी चांगली हिस्ट्री आहे, बंद केलं तर क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो आकडा, पडेल. ह्यांचा स्वभाव भिडस्त. समोरचा गोड बोलला की ह्यांना नाही म्हणवत नाही. शेवटी मी एका कागदावर एकच वाक्य लिहून त्यांच्या पुढ्यात ठेवलं: “मला कोणतीही ऑफर नको, कार्ड बंद करण्याची विनंती नोंदवा आणि विनंती क्रमांक द्या.” तेच पुन्हा पुन्हा वाचायचं. कार्ड बंद करायला फोन करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लिहून मगच फोन लावावा.

विनंती क्रमांक मिळाला. आम्ही निश्चिंत. पुढच्या महिन्यात बिल आलं, काहीशे रुपयांचं. वापर शून्य, तरी बिल! फोन केला तर उत्तर मिळालं की हे मागचं उरलेलं व्याज. कार्डाचं व्याज रोज चढतं. बिल निघाल्याच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरता त्या दिवसापर्यंतचं व्याज त्या बिलात नसतं, ते पुढच्या बिलात येतं. बरं, हेही मान्य. पण “बाकी असल्यामुळे तुमची बंद करण्याची विनंती रद्द झाली आहे” हे ऐकून माझं डोकंच फिरलं. रद्द केली तर कळवायला नको? एक मेसेज नाही, मेल नाही. आम्ही विचारलं नसतं तर कार्ड तसंच चालू राहिलं असतं.

ते पैसे भरले, पुन्हा विनंती नोंदवली. पुन्हा तेच गाणं, तीच ऑफर, तोच कागद. आणि विनंतीवर काही होण्याआधीच वार्षिक फी खात्यावर चढली, जीएसटीसकट. म्हणजे पुन्हा बाकी, पुन्हा विनंती रद्द. बंद करा म्हणून आम्ही दारात उभे, आणि त्यांच्याच उशिरामुळे चढलेली फी आमच्याच नावावर!

शाखेत गेले. तिथल्या मॅडमनी कॉम्प्युटरकडे न बघताच सांगितलं, “कार्डाचं इथून काही होत नाही, कार्ड डिव्हिजन वेगळं आहे.” कार्ड देताना मात्र याच शाखेतल्या टेबलावर फॉर्म भरून घेतला होता. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, हेल्पलाइनला फोन करा. भर उन्हाची, रिक्षाचे पैसे वाया घालवून मी घरी आले.

त्या दिवशी ठरवलं की फोन बास, आता सगळं लेखी. आणि नियम शोधायला बसले. तो सगळ्यांना माहीत असायला हवा म्हणून नीट लिहिते. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश एप्रिल २०२२ मध्ये काढले, ते जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यात म्हटलंय की ग्राहकाने सगळी बाकी भरलेली असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण केलीच पाहिजे. नाही केली तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, खातं बंद होईपर्यंत. विनंती हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट, ॲप अशा मार्गांनी घ्यायची. पोस्टानेच पाठवा असा हट्ट धरता येत नाही. आणि बंद केल्यावर खात्यात ग्राहकाचे जास्तीचे पैसे उरले असतील तर ते त्याच्या बँक खात्यात परत करायचे.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मला वाट सापडली. दंडाची अट अशी की खात्यावर बाकी नसली पाहिजे, आणि दरवेळी कसली ना कसली बाकी निघत होती. म्हणून वार्षिक फीबद्दल हरकत लेखी नोंदवून आम्ही ती भरली आणि वर दोन हजार रुपये जास्त भरले. आता उरलंसुरलं व्याज निघो की काही निघो, बाकी शून्याच्या वर जाणारच नव्हती. जास्तीचे पैसे परत मिळणारच आहेत. कार्ड बंद करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीने अर्धा त्रास वाचतो.

मग ह्यांच्या ईमेलवरून, ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून, मेल पाठवला. आधीचे सगळे विनंती क्रमांक आणि तारखा त्यात घातल्या. माझ्या वहीचा इथे फार उपयोग झाला. सात दिवसांच्या नियमाचा उल्लेख केला, ५०० रुपयांचा केला, आणि तोच मेल बँकेत तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्यालाही पाठवला. नोडल अधिकाऱ्याचा पत्ता प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर असतो, फक्त खूप खाली जावं लागतं. शेवटी लिहिलं की तीस दिवसांत निकाल लागला नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे.

त्या मेलला माणसाचं उत्तर आलं. फोनही त्यांनीच केला, अगदी ह्यांची पाळी विचारून! कार्ड बंद झाल्याचा मेल आला, थकबाकी नसल्याचं पत्र आलं, जास्त भरलेले पैसे बचत खात्यात आले. घरात सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं, आता सोड. मी सोडलं नाही. उशीर झालेल्या दिवसांचे पैसे नियमाप्रमाणे द्या, असा दुसरा मेल टाकला. बराच लेखी वाद झाला, ते म्हणत होते बाकी होती, मी म्हणत होते तुमच्याच फीची होती. शेवटी वार्षिक फी परत केली आणि काही दिवसांची भरपाईही जमा केली. मागितली तेवढी नव्हे. पण ती जमा झाल्याचा मेसेज मी आईंना मोठ्याने वाचून दाखवला, आणि ते पैसे त्याच दिवशी सोनेतारणाच्या मुद्दलात भरले.

कार्ड बंद करण्याआधी एक गोष्ट करायची असते, ती आत्ता आठवली. कार्डावर आपोआप कापली जाणारी बिलं शोधून काढा. आमच्याकडे मोबाइल रिचार्ज आणि मुलाने लावलेलं एक ॲप होतं. ते थांबवलं नाही तर बंद होता होता पुन्हा बाकी उभी राहते. आणि बंद झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपली कर्जं-कार्डं आणि त्यांची फेड यांची नोंद, बघा, कार्ड ‘बंद’ आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या पानावर जाऊ नका.

बाकी घरखर्चाचं विचाराल तर तिथे फार मोठं काही केलं नाही. गहू वर्षाचा उन्हाळ्यातच घेऊन, ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवला. पगार झाला की सोनेतारणाची रक्कम आधी बाजूला, मग दूध, शाळा, किराणा. मुलाची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून घेतली. विजेच्या बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटांना जवळपास दुप्पट दर लागतो हे कळल्यापासून मीटर मी महिन्याच्या मध्यावर एकदा बघते. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, सगळ्या बिलाला नाही, त्यामुळे शंभर ओलांडले म्हणून घाबरूनही जायचं नाही. पाटल्या सुटल्या की तेवढाच हप्ता पोस्टात आवर्ती ठेवीत टाकायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. आईंच्या पुढच्या दुखण्याखुपण्यासाठी घरात स्वतःचे पैसे हवेत.

आणि एक राहिलंच. आमचं देणं थकलं होतं तेव्हा बँकेकडून एक फोन आला होता, एवढी रक्कम एकदम भरा, बाकी सोडून देतो. ऐकायला फार बरं वाटतं. पण अशी तडजोड केली की क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, पूर्ण फेडून ‘बंद’ झालेलं दिसत नाही. पुढे घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. ज्यांना दुसरा इलाजच नाही त्यांची गोष्ट वेगळी. पण कुठूनही स्वस्त व्याजाचे पैसे उभे करता येत असतील तर पूर्ण फेडा, आणि तडजोडीच्या फोनवर तिथल्या तिथे हो म्हणू नका, लेखी मागवा.