आमची वाटचाल: पडवीत बसून केलेलं संशोधन

मालवणात आमचं छोटंसं कार्यालय आहे. पतसंस्था आणि सामाजिक संस्थांसाठी आम्ही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा अभ्यास करतो. बँक, गॅस, विमा या सेवा ही माणसं रोजच्या जगण्यात कशी वापरतात, ते त्यांच्यात वावरून समजून घ्यायचं. रीत जुनीच आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले होते. आमची खेडी म्हणजे देवबाग, तळाशील, वेंगुर्ल्याची किनारपट्टी.

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘मासिक उत्पन्न किती?’ असा प्रश्न हमखास असतो. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जाणाऱ्या माणसानं त्याचं काय उत्तर द्यावं? त्याला मिळतो वाटा, तोही जाळ्यात मासळी आली तर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि दर्या खवळला की रापणही थांबते. म्हणून आम्ही उत्पन्न विचारत नाही. घरातल्या बाईजवळ बसून आठवड्याचा पैसा कसा फिरला ते लिहून घेतो: मासळीच्या पाटीतून काय सुटलं, वाण्याची उधारी किती फिटली, भिशीत काय गेलं, बांगड्या कधी गहाण पडल्या. “पावसात हप्तो खंयसून भरूचो?” असं एक मावशी म्हणाल्या, तेव्हा कर्जवसुलीच्या तक्त्यातली ‘थकबाकी’ आम्हाला नीट कळली. आमचा अहवाल वाचून एका पतसंस्थेनं पावसाळ्यात फक्त व्याज घ्यायला सुरुवात केली. या कामाचं मला फार समाधान आहे.

गॅसचंही तसंच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. सिलिंडर कमी वेळा भरून घेतले जातात म्हणून लोकांना गॅस नको आहे, असा अर्थ कार्यालयात बसून सहज काढला जातो. घरात गेलं की दिसतं, चहा आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर होतो. आंघोळीचं पाणी मात्र न्हाणीच्या चुलीवर, कारण झावळ्या आणि करवंट्या घरामागच्या परड्यात फुकट पडलेल्या असतात.

काही नियम आम्ही कसोशीनं पाळतो. अहवालात कुणाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील येत नाही. दिलेल्या वेळेचा मोबदला कुटुंबाला मिळतो. अहवाल संस्थेला देण्याआधी वाडीतल्या बायकांना वाचून दाखवतो. त्या हरकत घेतात आणि मजकूर बदलतो. आता वाडीतल्याच शिकलेल्या मुलींना नोंदी घ्यायला शिकवतोय. शेजारणीनं हातातला पैसा कुठे वळवला, हे त्यांना आमच्याआधी कळतं.