व्हायपर जोडी अपडेट: लाल पट्टे पांढरे पडले आणि बेसचा प्लॅन बदलला

मंडळी, मार्क टूचे (म्हणजे बॅटलस्टार गॅलॅक्टिका या टीव्ही मालिकेच्या २००३ च्या रीबूटमधल्या व्हायपर या अंतराळातल्या लढाऊ विमानाच्या मॉडेलचे) पट्टे गेले. शनिवारी संध्याकाळी मॅट कोट (चमक मारणारा पारदर्शक थर) मारला, ओला होता तोवर एकदम झकास दिसत होता, आणि वाळत गेला तसा नाकावरचा लाल पट्टा ताकात बुडवून काढल्यासारखा पांढरट होत गेला, माझ्या डोळ्यांदेखत. शेपटीवरचा पण तसाच. पंखांवरचे दोन त्यातल्या त्यात बरे, पण कडांना धुकं आहेच. पांढऱ्या भागावर झालं असेल तरी कळत नाही, पण लाल काही लपवत नाही, आणि व्हायपरची सगळी ओळख त्या पट्ट्यांतच तर आहे ना.

बाकीचं आधी पटकन सांगतो. ७८ च्या मूळ मालिकेतलं व्हायपर आणि २००३ चं मार्क टू, दोन्ही मोबियस कंपनीचे १/३२ प्रमाणातले किट, एकाच बेसवर, हा प्लॅन तुम्हाला माहितीच आहे. ७८ वाल्याच्या तिन्ही इंजिनांचे एलईडी बसले, लाइट लीक शून्य. आतून आधी काळा मग सिल्व्हर असे दोन हात दिले त्याचा फायदा झाला, अंधारात फक्त नोझलमधूनच उजेड येतो, बाहेर एक ठिपका नाही. त्या रात्री दिवा बंद करून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. बॉडीची सीम लाइन (दोन भागांच्या जोडाची रेघ) पण गेली, हाताला लागत नाही आता.

आता पट्ट्यांचं.

मॅट कोट पांढरा पडायची दोन मोठी कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय एकदम वेगळे, म्हणून आधी निदान. एक म्हणजे मॅटिंगची पावडर. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची बारीक पूड असते, ती बाटलीच्या तळाशी बसलेली राहिली किंवा एका जागी जाड कोट पडला की ती पूड वर येऊन गोठते आणि पांढरं दिसतं. दुसरं म्हणजे ब्लशिंग. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत दमटपणा असला की त्या गार फिल्मवर पाणी धरतं आणि आतच अडकतं. माझी बाटली नीट ढवळलेली होती, त्यामुळे पहिला संशय हवेवरच होता, पण संशयावर पट्ट्यांना हात लावायचा नव्हता. इथे डोंबिवलीत जुलै महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर गॅलरीत ८८ टक्के दाखवत होता आणि खोलीत ८१.

मग चमचे काढले. प्लॅस्टिकचे चमचे, सगळ्यांवर तोच पांढरा प्रायमर, तोच लाल, वर तोच मॅट, फक्त जागा बदलली. एक गॅलरीत, एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर भरपूर वेळ चालवून मग. गॅलरीतला पांढरा, हॉलमधला थोडा कमी पांढरा, बेडरूमवाला स्वच्छ. बाटली तीच, प्रेशर तेच, हात तोच. म्हणजे पावडरचा संशय जवळजवळ मिटला.

जवळजवळ म्हणतो कारण मधे एक भानगड झाली. बेडरूममध्येच मारलेल्या पुढच्या चमच्यावर मोहरीएवढे पांढरे डाग आले, सगळीकडे नाही, मधूनमधून. हवा कोरडी असताना डाग कुठून? कंप्रेसरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडला तर फुस्स करून पाणी आलं, चांगलं वाटीभर. टाकी दर वेळी रिकामी करतो मी, पण या हवेत एका बैठकीतच एवढं जमतं. रेग्युलेटरजवळचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) एकटा पुरत नाही, हे आता माझं ठाम मत आहे. कंप्रेसरमधून निघालेली गरम हवा होजमधून जाताना गार होते आणि पाणी ट्रॅपच्या पुढे सुटतं, म्हणून दुसरा छोटा ट्रॅप थेट एअरब्रशच्या खाली लावायला हवा. तो लावला आणि डाग बंद झाले. स्वस्तातली वस्तू आहे, पावसाळ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने घ्या, खरंच घ्या.

आता निदान झालं पण जे पांढरं पडलंय त्याचं काय? काकांचं म्हणणं पट्टे घासून काढ आणि परत मास्क कर (कडेला टेप लावून नव्याने रंगव). नाकावरच्या पट्ट्याची ती निमुळती कड परत मास्क करायची म्हणजे अख्खा आठवडा, आणि खालच्या पांढऱ्यावरच्या पॅनल लाइन्स बुजायची भीती वेगळीच. त्याआधी रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) करून बघायचं ठरवलं. ब्लशिंग म्हणजे अडकलेलं पाणी, तर फिल्म परत जरा मऊ केली आणि सावकाश वाळू दिली की पाणी निघून जायला पाहिजे. मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतोच, त्यात अजून चार थेंब घातले, रंग अजिबात नाही, नुसता थिनर. एसी ड्राय मोडवर, खोलीत ५२, प्रेशर अगदी कमी, लांबून, आणि एवढाच की पट्टा नुसता ओलसर चमकेल, वाहणार नाही. जास्त झालं तर खालचा लाल सुटून पांढऱ्यात उतरतो, आणि मग मात्र घासायलाच लागतं.

पहिला हात शेपटीवर, कारण बिघडलंच तर तिथे झाकता येतं. ओला झाला आणि लाल परत आला, पण ते तर नुसत्या पाण्यानेही येतं, तेव्हा आनंद वाळल्यावरच. एसीचा आवाज ऐकत बसलो. अर्ध्या तासाने बघितलं तर पट्टा लालच होता, कडेला नखाएवढं धुकं राहिलं होतं, त्यावर अजून एक हलका हात आणि तेही गेलं. मग नाक. नाकाला जास्त वेळ दिला, पट्टीपट्टीने, एक भाग पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. आला परत! तसाच, कडेसकट, पॅनल लाइन्ससकट. या छंदात एवढं समाधान फार कमी वेळा मिळतं.

फक्त एक झालं, थिनरने मॅटपण पण थोडं खाल्लं. पट्टे आता सॅटिन झालेत आणि बाकी बॉडी मॅट. म्हणजे परत मॅट कोट मारणं आलं, आणि हे लिहायला बसलो तेव्हा तोच प्लॅन होता, पावसाची उघडीप बघून बेडरूममध्ये दुसरा मॅट.

पण थांबा. मॅट कशाला?

आपण सगळ्यांनी न बोलता धरून चाललोय की जुनं व्हायपर म्हणजे स्वच्छ चकचकीत आणि नवं म्हणजे मळकं, काजळलेलं, चिपिंगवालं, म्हणजे रंगाचे टवके उडालेलं. कारण आपला वादच तसा मांडला जातो. ७८ वाले म्हणतात लॉर्न ग्रीनने केलेल्या कमांडर अडामामध्ये आशा होती, नव्यात नुसता अंधार आणि रडारड. २००३ वाले म्हणतात जुन्यात बारा वसाहती बेचिराख होतात आणि लगेच मंडळी कॅसिनोत, हे कुणाला पटेल. स्टारबक या वैमानिकाची नव्यात बाई केली, कारा, यावर तर अजूनही मारामारी होते, खुद्द जुन्या स्टारबकने, डर्क बेनेडिक्टने, तेव्हा त्यावर रागारागाने लेख लिहिला होता. रिचर्ड हॅचचंच बघा, जुना अपोलो, कथा तिथूनच पुढे न्यावी म्हणून त्याने स्वतः खटपट करून १९९९ मध्ये ट्रेलर बनवला, रीबूटला विरोध केला, आणि नंतर त्याच रीबूटमध्ये टॉम झारेक म्हणून आला आणि काय काम केलं त्याने! मला हॅचबद्दल त्यामुळे फार आदर आहे. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं त्याने नव्याला संधी दिली.

माझं मत तुम्हाला माहितीये, मला नवी जास्त आवडते. ३३ नावाचा पहिला भाग, दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन (यंत्रमानव शत्रू) येतात, झोप नाही, आणि शेवटी फळ्यावरचा आकडा एकाने वाढतो कारण फ्लीटमध्ये बाळ जन्मलंय, त्या जागी मी अजून दर वेळी गलबलतो. पण नवी आवडते म्हणून जुनीला हसायचं हे मला कधीच पटलं नाही. स्पेशल इफेक्ट्सवाल्या जॉन डायक्स्ट्राच्या लोकांनी ७८ साली रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटचे तुकडे चिकटवून ते गॅलॅक्टिका जहाज उभं केलं, आपण जे टेबलावर करतो तेच. तीच ती लाँच ट्यूबची शॉट भागाभागात परत वापरली, तरी ती बघताना आजही अंगावर काटा येतो. आणि त्या शूटिंगच्या मॉडेलांचे फोटो नीट बघा एकदा. ती व्हायपर स्वच्छ नाहीत. तोफांपाशी काजळी, इंजिनाशी धूर, पॅनलवर ओघळ. जुनं चकचकीत होतं हे आपल्या आठवणीतलं आहे, मॉडेलवरचं नाही.

आणि मार्क टू? नव्या मालिकेआधीच्या मिनिसिरीजच्या सुरुवातीला गॅलॅक्टिका निवृत्त होतेय, उजव्या बाजूचा फ्लाइट पॉड (विमानतळासारखा भाग) म्युझियम झालाय, तिथे गिफ्ट शॉपसुद्धा आहे. मार्क टू त्या म्युझियममध्ये ठेवलेली विमानं आहेत. नवीकोरी मार्क सेव्हन नेटवर्कमुळे सायलॉनपुढे जागच्या जागी बंद पडतात, आणि मग ही जुनी बाहेर ओढून काढतात, डावीकडच्या पॉडपर्यंत ढकलत नेतात, आणि त्यांच्यावर सगळं तरतं. अडामाने जहाजावर संगणक एकमेकांना जोडू दिले नाहीत म्हणून गॅलॅक्टिका वाचली. रीबूट करणाऱ्या रोनाल्ड मूरने नव्या मालिकेत जुन्या विमानाला ही जागा दिलीये, आणि तरी आपण म्हणतो त्याला जुन्याचा आदर नव्हता. त्या निरोप समारंभात विमानं वरून जातात तेव्हा जी धून वाजते ती स्टू फिलिप्सची ७८ ची धूनच आहे. शेवटच्या भागात (अजून बघितला नसेल तर हे वाक्य सोडा) ताफा सूर्याकडे जातो तेव्हा परत तीच. काकांना हे मी दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण धून परत लाव म्हणाले. आणि नव्याच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे हे त्यांना आधीच आवडतं, ते मान्य करत नाहीत एवढंच.

तर मुद्दा हा, त्या समारंभात अडामाचा मुलगा ली जे मार्क टू उडवतो ते बापाचं तरुणपणीचं विमान आहे. डेकचा प्रमुख टायरॉल आणि डेकवरच्या पोरांनी ते भंगारातून शोधून आणून दुरुस्त करून अडामाला भेट दिलेलं असतं. म्हणजे ताजा रंग, पुसून लखलखीत. मॅट अजिबात नको त्यावर! सॅटिन हवा, म्हणजे पट्ट्यांवर आत्ता जसा आहे अगदी तसा.

म्हणून प्लॅन बदलतोय, हे लिहिता लिहिताच. मार्क टू आता काराचं नाही, अडामाचं. कॅनपीखाली (कॉकपिटच्या काचेखाली) हस्कर, म्हणजे अडामाचं वैमानिकी टोपणनाव. काराचं नाव छापून ठेवलंय ते पुढच्या बिल्डला, तेव्हा पाहिजे तेवढी काजळी मारू. पूर्ण बॉडी सॅटिन, वॉश (पातळ गडद रंग) अगदी पुसट, फक्त पॅनल लाइन्समध्ये, चिपिंग शून्य. आणि ७८ वालं मात्र लढून आलेलं, तोफांपाशी काळं, इंजिनामागे धूर, स्टुडिओ मॉडेलच्या फोटोंवरून. लोकांच्या डोक्यात जे आहे त्याच्या बरोबर उलट, पण दोन्ही बाबतीत मालिकेत जे आहे ते.

बेसचा लाँच ट्यूबवाला विचार त्यामुळे रद्द, आता हँगर डेक. मध्ये पिवळी रेघ, डावीकडे ७८ चं, उजवीकडे मार्क टू, त्याच्याभोवती म्युझियमचे ते दोर लावलेले खांब आणि एक माहितीची पाटी. लिहिता लिहिता अजून एक सुचतंय, एक दोर सोडून खाली पडलेला दाखवायचा आणि नाकाला टो बार (ओढायचा दांडा) लावायचा, म्हणजे समारंभ संपलाय आणि आता याला लढायला काढतायत तो क्षण. पण मग ते समारंभाचंच विमान राहतं का, की म्युझियममधलं दुसरं एखादं? मिनिसिरीजचा तो तुकडा परत बघूनच ठरवतो, तोपर्यंत टो बार चिकटवणार नाही.

सामानाचं: सॅटिन क्लिअर संपलाय. लॅकर विमानाने येत नाही, ज्वलनशील म्हणून रस्त्यानेच, त्यामुळे पावसात पंधरा दिवस धरून चाला. गेल्या खेपेला ज्या दुकानातून मागवलं त्यांनी बाटलीचं झाकण टेपसुद्धा न लावता पाठवलं होतं, अर्धी पेटीत सांडली, तिकडून परत नाही. मी सध्या पुण्यातल्या एका छोट्या विक्रेत्याकडून घेतोय, बाटली आधी पिशवीत मग डब्यात, फोन केला तर उचलतात, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुढच्या वेळेपर्यंत: मार्क टूवर सॅटिन (हायग्रोमीटर ५५ च्या खाली असेल तरच), हस्करचा डिकल (छापील नावाची पट्टी), आणि ७८ वाल्याच्या तोफांची काजळी आधी चमच्यावर. कुणाकडे १/३२ मध्ये विमान ढकलणाऱ्या ग्राउंड क्रूच्या आकृत्या पडून असतील तर सांगा, कुठल्याही जमान्याच्या चालतील, कपडे मी पुटीने बदलून घेईन, फक्त वाकून ढकलण्याची पोझ पाहिजे, तीन तरी.