डेंग्यू, बंद बांधकाम आणि आवक शिक्का: माझा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला आमच्या सोसायटीला लागून पुनर्विकासात रखडलेली एक इमारत आहे. काम बंद, गेटला कुलूप, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी. सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले तेव्हा आम्ही आधी आपली घरं तपासली. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं भंगार. दर रविवारी कोरडा दिवस ठरला, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची, सगळ्यांनी पाळलाही.

अडलं ते त्या खड्ड्यापाशी. महापालिकेच्या कार्यालयात पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं, "खासगी जागा आहे, मालकाचं पत्र आणा." मालक म्हणजे बिल्डर, आणि तो फोन उचलत नाही. दुसरीकडे गेलो तर "हे मलेरियावाल्यांचं काम", तिथे गेलो तर "आधी बांधकाम विभागाला भेटा." शेवटी मेहेरबानी केल्यासारखं, "फार तर धूर मारून देतो." अहो, धुराने उडते डास मरतात! पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. आम्ही पैसे मागत नव्हतो, माणसं मागत नव्हतो. ते कुलूप उघडा, एवढंच म्हणत होतो. घरोघरी मुलं तापाने फणफणली असताना हे ऐकून घ्यायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, तोंडी बोलत बसू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. खड्ड्याचे फोटो जोडा. आम्ही तिथल्या वॉचमनकडून बादलीभर पाणी काढून घेतलं आणि वळवळणाऱ्या अळ्या काचेच्या बाटलीत भरून थेट साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. असं पाणी डेंग्यूच्या एडिस डासाला आणि मलेरियाच्या ॲनाफिलीस डासालाही चालतं, हेही सांगितलं. त्यानंतर मात्र चक्रं फिरली. पंप लागला, अळीनाशक पडलं, बिल्डरला नोटीस गेली. त्या बाटलीचा मला अभिमान आहे.

राहिलंच, पिंप नुसतं रिकामं करू नका, आतून ब्रशने घासा. एडिसची अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्‌महिने जगतात. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे मुलांना शाळेत जातानाही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आणि ताप आला तर एनएस-वन ही डेंग्यूची रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत करून घ्या. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल घ्यायची, तीही डॉक्टरांना विचारून.