उलटा ठेवलेला फोन

माझ्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका स्त्रीचे वडील जाऊन चौदा महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.) आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, दीर्घकालीन शोकविकारासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकी निकषांत प्रौढांसाठी बारा. कालावधी आणि लक्षणं, दोन्ही बाजूंनी ती या निदानात बसत होती. झोप तुटायची, वडिलांचे फोटो बघायची नाही, ते हॉस्पिटल रस्त्यात लागू नये म्हणून रोज लांबच्या रस्त्याने ऑफिसला जायची. वळसा घेतला की लगेच हायसं वाटतं, आणि घात तिथेच होतो. त्या हायशा वाटण्यामुळेच टाळायची सवय पक्की होत जाते.

त्या दिवशी, उपचाराचा भाग म्हणून, वडील गेले तेव्हाचा प्रसंग मनात पुन्हा जगायचा ठरला होता. डोळे मिटायचे आणि आत्ता घडतंय असं बोलायचं: ‘मी जाते’, ‘मी बघते’. सगळं रेकॉर्ड होतं. अधूनमधून मी त्रासाचा आकडा विचारते, शून्य ते शंभरमधला. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या, मानसिक आघातावरच्या उपचारात असं सांगणं तीस ते पंचेचाळीस मिनिटं चालतं. शोकासाठी मी एका वेळी दहा-बारा मिनिटांवर थांबते, कारण नंतर त्यावर बोलायला तेवढाच वेळ लागतो. सुरू करण्याआधी तिच्याकडून भाकीत लिहून घेतलं. तिने लिहिलं, ‘रडायला लागले तर थांबणार नाही.’

पहिल्या फेरीत आकडा चाळीसवरून तीसवर आला. नवख्याला बरं वाटलं असतं. पण ती ‘बाबांना आयसीयूत हलवण्यात आलं’ असं बोलत होती, एखादा अहवाल वाचावा तसं. बोटं किल्ल्यांच्या जुडग्यातली कडी एकसारखी फिरवत होती. शिवाय फोन आल्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंतचा सगळा भाग एका वाक्यात उरकला. सांगताना जिथे उडी मारली जाते, तिथे परत जायचं असतं.

किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. म्हटलं, “फोन वाजतोय, तिथून पुन्हा. फोन कुठे आहे?”

“टेबलावर.”

“कसा?”

बराच वेळ ती काही बोललीच नाही. “उलटा. बाबांचं नाव दिसतंय. मीटिंग चालू आहे... मी उलटा ठेवते.”

आकडा पंच्याऐंशी.

अशा वेळी हात आपोआप टिश्यूच्या डब्याकडे जातो. तो पुढे सरकवायचा नाही. डबा तिला हाताला लागेल असा आधीच ठेवलेला असतो. मध्येच पुढे केला की ‘आता आवरा’ असा अर्थ जातो. समजूतही तेव्हा घालायची नाही. ‘तुमची काय चूक?’ हे वाक्य खरं असलं, तरी त्या क्षणी ते माणसाला बाहेर खेचतं.

तो तुकडा तिने तीनदा सांगितला. आकडे पंच्याऐंशी, नव्वद, सत्तर. सत्तर म्हणजे काही कमी नाही, आणि एकाच बैठकीत तो खाली यावा असा हट्टही धरायचा नसतो. भीतीवरच्या उपचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या मांडणीत महत्त्व असतं ते भीतीने केलेलं भाकीत खोटं ठरण्याला. ती नऊ मिनिटं रडली आणि थांबली. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “पण डॉक्टर, थांबले की.”

हा उपचार प्रत्येकाला लगेच देता येत नाही. आत्महत्येचे विचार जोरात असतील, दारूवर दिवस निघत असेल किंवा सांगताना माणूस सुन्न होऊन खोलीचंच भान हरपत असेल, तर आधी ते सांभाळायचं.

घरी रेकॉर्डिंग रोज एकदा, बसून ऐकायचं. अंथरुणात नाही, गाडी चालवताना नाही. ऐकल्यावर पंधरा मिनिटं मोकळी ठेवायची. वहीत तीन आकडे: ऐकण्याआधीचा, मधला सर्वांत मोठा, ऐकून झाल्यावरचा.

पुढच्या आठवड्यात तिने वही दाखवली. पहिले दोन दिवस मधला आकडा नव्वद होता, तिसऱ्या दिवशी अचानक वीस. विचारलं तेव्हा कबूल केलं, फोन उलटा ठेवते त्या जागी तिने आवाज बारीक केला होता. त्या दिवसापासून हेडफोन लावून, आवाजाला हात न लावता ऐकायचं ठरलं.